पीएचसीत डाटा ऑपरेटर म्हणून रुजू झालात? कामाला लागण्याआधी हे वाचा

टेबलावर एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि शेजारी हातभर उंचीचा रजिस्टरांचा गठ्ठा. बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी रुजू झाले त्या दिवशी समोर एवढंच होतं. बी.कॉम. झालं होतं, एमएस-सीआयटी झालं होतं, मराठी-इंग्रजी टायपिंग येत होतं. पण दुपारपर्यंत आठ-दहा पोर्टलांची नावं कानावर पडली आणि त्यातलं कुठलं कशासाठी, हे सांगायला कुणाला सवड नव्हती. सिस्टर लसीकरणात, डॉक्टर ओपीडीत.

पुढे मी शिकले. मग शेजारच्या केंद्रांवरची नवीन पोरं-पोरी माझ्याजवळ येऊन बसायला लागली आणि त्यांचे प्रश्न तेच निघाले, जे मला पडले होते. म्हणून सगळं क्रमाने लिहून काढलं आहे. उपकेंद्रात नव्याने आलेल्या एएनएम (नर्स) ताई आणि सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) यांनाही यातलं बरंच कामाला येईल.

१. पहिला आठवडा रजिस्टरांसोबत काढा

स्क्रीनवरचा प्रत्येक रकाना आधी कुठल्या तरी कागदावर असतो. तो कागद कुठला, तो कोण भरतं आणि कधी भरतं, हे कळल्याशिवाय पोर्टलला हात घालू नका. एखाद्या गावात लसीकरण सत्र असेल तर सिस्टरसोबत जा. आशाताईची यादी, माता-बाल संरक्षण कार्ड, त्या कार्डाची केंद्रात राहणारी बाजू, आणि मग आरसीएच (माता-बाल आरोग्याचं) रजिस्टर असा एकाच बाळाच्या नोंदीचा प्रवास डोळ्यांनी बघा. एकदा बघितला की अर्धं काम समजलं.

सोबत थोडी आरोग्याची भाषा शिकून घ्या. एलएमपी म्हणजे शेवटच्या पाळीची तारीख, ईडीडी म्हणजे बाळंतपणाची अंदाजे तारीख. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर तीव्र रक्तक्षय. रक्तदाब १४०/९० किंवा त्याच्या वर गेला तर जोखमीची माता. हे आकडे पाठ पाहिजेत. ते पाठ असले तरच बोटांनी केलेली चूक डोळ्यांना दिसते.

माझ्या हातून दुसऱ्याच महिन्यात चूक झाली. रजिस्टरमध्ये एका बाईचं हिमोग्लोबिन ६.८ होतं, मी ८.६ टाकलं. जोखमीच्या मातांची यादी पोर्टलवरून काढली तेव्हा तिचं नाव तीव्र रक्तक्षयात आलंच नाही. सिस्टरने तपासणीच्याच दिवशी तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं होतं म्हणून तिला रक्त मिळालं. सिस्टरने यादी हातात घेतली, बोट ठेवून खाली आली आणि म्हणाली, "तांड्यावरची ती कुठं गेली गं यातून?" तेव्हापासून हिमोग्लोबिन, वजन आणि रक्तदाब हे तीन रकाने मी भरल्यावर परत एकदा रजिस्टरशी ताडून बघते. जन्माच्या वजनाचंही तसंच. रकाना किलोत मागतोय की ग्रॅममध्ये हे बघा. २.५ आणि २५०० यांची सरमिसळ मी अनेक केंद्रांत पाहिली आहे.

२. कुठलं पोर्टल कशाचं, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहा

सगळ्यात मोठा फरक आधी लक्षात घ्या. काही पोर्टलं नावाने चालतात, काही आकड्याने.

आरसीएच पोर्टल नावाचं आहे. प्रत्येक गरोदर माता आणि बालक स्वतंत्र, प्रत्येकाला १२ अंकी आरसीएच आयडी. सिस्टरच्या टॅबमधलं अनमोल अ‍ॅप याच पोर्टलला जोडलेलं असतं आणि नेट नसतानाही त्यात नोंद करता येते. एचएमआयएस, म्हणजे आरोग्य सेवांच्या महिन्याच्या अहवालाचं पोर्टल, आकड्यांचं आहे. २००८ पासून चालू असलेल्या या पोर्टलवर संस्थेने महिनाभरात दिलेल्या सेवांची बेरीज जाते, नावं जात नाहीत.

यावरून नवीन माणसाचा हमखास घोटाळा होतो. तुमच्या गावची बाई अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजला बाळंत झाली, तर ती प्रसूती एचएमआयएसमध्ये तिथल्या खात्यावर मोजली जाते. तुमच्या अहवालात ती धरायची नाही. पण आरसीएचमध्ये तिच्या नावासमोर प्रसूतीची नोंद लागलीच पाहिजे. एकच घटना, दोन ठिकाणी दोन वेगळे नियम.

आयएचआयपी साथरोगांचं. २०२१ मध्ये नव्या रूपात आलं. यात एस फॉर्म गावपातळीवरचा आरोग्य कर्मचारी लक्षणांवरून भरतो, पी फॉर्म डॉक्टरांच्या निदानावरून, एल फॉर्म प्रयोगशाळेच्या तपासणीवरून. इथे गाव निवडताना जपा. पिंपळगाव, वडगाव, धानोरा, पिंपरी ही नावं आपल्याकडे तालुक्यागणिक सापडतात. जुलाबाची साथ एका वडगावात आणि नोंद दुसऱ्या वडगावावर पडली तर पाण्याचे नमुने घ्यायला पथक भलतीकडे जाईल. आपल्या केंद्राखालच्या सगळ्या गावांचे कोड एका कागदावर काढून भिंतीला लावा.

नि-क्षय क्षयरोगाचं. यावर पुढे वेगळं लिहिते. एनसीडी (असंसर्गजन्य आजारांच्या) पोर्टलवर ३० वर्षांवरच्या माणसांची बीपी, शुगर आणि तोंड, स्तन, गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी. त्याची सुरुवात आशाताईच्या सीबॅक (आजाराची जोखीम तपासणाऱ्या) फॉर्मपासून. ई-औषधी म्हणजे औषधसाठा. बॅच क्रमांक आणि मुदत बाटलीवर बघूनच टाका, चलनावर विसंबू नका. ई-संजीवनीवर दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो, ते काम सीएचओ बघतात.

यू-विन आणि ई-विन ही जोडी तर सगळ्यांना गोंधळात टाकते. यू-विनमध्ये लस कुणाला दिली ते असतं. ई-विनमध्ये फ्रिजमध्ये लस किती शिल्लक आहे आणि तापमान २ ते ८ अंशांत आहे का, ते असतं.

३. लॉगिन मागताना काय काय लागतं

पोर्टलचे आयडी स्वतःहून तयार होत नाहीत. तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयातून किंवा जिल्ह्यातून मिळतात. एकाच चकरेत काम व्हावं म्हणून हे सोबत न्या:

- नियुक्ती आदेश आणि रुजू अहवालाची प्रत
- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला चालू मोबाइल
- फक्त कामासाठी उघडलेला वेगळा ईमेल
- वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचं पत्र, त्यात कोणकोणत्या पोर्टलचे आयडी हवेत ते नावासह
- संस्थेचा एचएमआयएसमधला कोड आणि हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीतला क्रमांक
- एमएस-सीआयटी आणि टायपिंगची प्रमाणपत्रं, झेरॉक्ससकट

आधीच्या ऑपरेटरचा मोबाइल जुन्या खात्याला जोडलेला असेल तर तो पहिल्याच दिवशी बदलून घ्या. नाहीतर अहवालाच्या शेवटच्या दिवशी ओटीपी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या माणसाच्या फोनवर जाईल आणि तो माणूस त्या वेळी शेतात असेल.

पासवर्ड मॉनिटरला चिकटवू नका. "माझ्या आयडीवरून तेवढं टाकून दे ना," असं कुणी प्रेमाने म्हटलं तरी टाकू नका, आणि स्वतःचाही देऊ नका. ज्या आयडीवरून नोंद झाली, जबाबही त्यालाच द्यावा लागतो.

४. नवीन नोंद करण्याआधी जुनी शोधा

या मुद्द्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागातलं खरं अवघड काम हेच आहे.

दसरा-दिवाळी झाली की बीड, धारूर, केज, गेवराई, पाटोदा, शिरूर या पट्ट्यातून टोळ्या उसाला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. गरोदर बाया सोबत जातात. तिथे टोळीच्या तळावर एखादी नर्सबाई येते, तपासते आणि तिची नव्याने नोंद करते. उन्हाळ्याच्या तोंडाला बाई परत येते तेव्हा तिच्या नावाने दोन आयडी झालेले असतात. एकावर तीन तपासण्या, दुसऱ्यावर प्रसूती. आपल्या यादीत ती 'सेवा प्रलंबित' म्हणून लोंबकळत राहते आणि बाळाचं लसीकरण कुठल्याच आयडीला नीट जुळत नाही.

एका मार्चमध्ये अशीच एक बाई माझ्या टेबलासमोर उभी राहिली. कडेवर दीड महिन्याचं बाळ, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिने साखरेच्या पिशवीच्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. घड्यांवर चिकटपट्ट्या लावलेल्या, शाई पाण्याने पसरलेली. आयडीचे शेवटचे चार आकडे वाचता येईनात. मी कार्डावरचा मोबाइल टाकून शोधलं, तर एका नंबरवर अकरा बायांची नावं आली. मी विचारात पडले. ती म्हणाली, "त्यो मुकादमाचा नंबर हाय ताई. आमच्या घरच्याचा फोन तवा बंद होता."

एका फडावरच्या सगळ्या बायांचा नंबर मुकादमाचा. म्हणजे त्यांच्या लसीचे, तपासणीचे सगळे मेसेज त्याच्याकडे जात होते. त्या दिवशी गाव, नवऱ्याचं नाव आणि पहिल्या मुलाची जन्मतारीख लावून तिची जुनी नोंद सापडली. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात रांगेतली माणसं कुरकुरली, पण बाळाची पेंटाची (पाच आजारांवरची एकत्र लस) पहिली लस योग्य नोंदीवर चढली.

शोधायचा माझा क्रम असा आहे. आधी आरसीएच आयडी, मग आभा क्रमांक (तो काय, ते पुढच्या मुद्द्यात), मग मोबाइल. यांतलं काहीच लागलं नाही तर गाव निवडून नवऱ्याच्या नावाने. बाईचं नाव शेवटी घ्या. आधारवर माहेरचं आडनाव असतं, कार्डावर सासरचं, आणि लग्नात नाव बदललं असेल तर पहिलं नावसुद्धा वेगळं. शिवाय इंग्रजी स्पेलिंग. वाघमारे कुणी डब्ल्यूने लिहितं, कुणी व्हीने. शेखचं स्पेलिंग तर मी चार प्रकारे पाहिलं आहे. म्हणून पूर्ण नाव टाकण्याऐवजी पहिली तीन अक्षरं टाकून शोधा.

दोन आयडी सापडलेच तर मनाने एक खोडू नका. पुढची सेवा मूळ नोंदीवर चढवा आणि दुसरा आयडी तालुक्याला लेखी कळवा. ऊसतोडीला जाणाऱ्या मातांची यादी गटप्रवर्तक (आशांचं काम बघणाऱ्या) ताईंकडून दसऱ्याच्या आधीच घ्या. कुठल्या गावाला, कुठल्या कारखान्याला जाणार हे विचारून ठेवा. बाईला तिचा आयडी कार्डाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने ठळक लिहून द्या, आणि मोबाइल तिचा किंवा घरातल्या माणसाचाच घ्या.

५. आभा आणि आयुष्मान कार्ड यांत गल्लत होऊ देऊ नका

आभा हा १४ अंकी आरोग्य खात्याचा क्रमांक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालं, त्यातला हा भाग. आपले रिपोर्ट, चिठ्ठ्या एका क्रमांकाला जोडता याव्यात एवढ्यासाठी तो असतो. त्यावर मोफत ऑपरेशन होत नाही. उपचाराच्या खर्चाचं संरक्षण आयुष्मान कार्ड आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मिळतं, त्याची पात्रता आणि कागदं वेगळी.

हे प्रत्येक माणसाला तोंडाने सांगा. "पाच लाखाचं कार्ड काढलं की," असं समजून आभाचा कागद घेऊन माणसं थेट मोठ्या दवाखान्यात गेलेली आहेत आणि तिथे काउंटरवरून परत फिरलेली आहेत. आजारी माणसाला घेऊन शंभर किलोमीटर गेलेल्या घरावर ती वेळ येऊ नये.

आभा काढणं ऐच्छिक आहे. ओटीपी मागताना तो कशाचा हे सांगून मागा. आभा नाही म्हणून केसपेपर अडवायचा नाही.

६. तारीख काढताना दिनदर्शिका जवळ ठेवा

"पाळी कधी आली होती?" या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर सणाने येतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. नागपंचमीच्या आधी. घट बसले तेव्हा. ही उत्तरं पक्की असतात, बाया चुकत नाहीत. चूक आपण तारीख लावताना करतो. पोळा २०२३ साली अधिक श्रावणामुळे १४ सप्टेंबरला आला, २०२४ साली २ सप्टेंबरला, आणि २०२५ साली २२ ऑगस्टला. चुकीच्या वर्षाचा पोळा धरला की बाळंतपणाची तारीख दीड ते तीन आठवडे सरकते. मागच्या तीन वर्षांच्या दिनदर्शिका टेबलाच्या खणात असू द्या.

पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की अंदाजे तारीख निघते. २ सप्टेंबर २०२४ ची ९ जून २०२५. पोर्टल ही तारीख स्वतः काढतं, पण तुम्ही बोटांवर काढून जुळवा. दिवस आणि महिना उलटा पडला असेल तर इथेच कळतं.

एक्सेलमध्ये यादी करत असाल तर आयडी आणि बँक खात्याचे कॉलम आधीच टेक्स्ट करून ठेवा. तसं केलं नाही तर सुरुवातीचे शून्य उडतात, लांब आकडे ई-प्लस असल्या रूपात दिसतात आणि १५ अंकांच्या पुढचे अंक एक्सेल शून्य करून टाकतं. १६ अंकी खातं असलेल्या रुग्णाचे पैसे त्या एका अंकापायी अडकतात.

७. पैशाशी जोडलेली नोंद दोनदा तपासा

क्षयरुग्णाला नि-क्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत मदत मिळते. एप्रिल २०१८ पासून ती महिन्याला ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. मजुरी बुडालेल्या घरात त्या पैशाचे अंडी-शेंगदाणे येतात. म्हणून ही नोंद थांबवून ठेवू नका.

आपल्या भागात एक अडचण वरचेवर दिसते. जुन्या माणसांची पासबुकं स्टेट बँक ऑफ हैदराबादची असतात. ती बँक १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, त्यामुळे पासबुकावरचा जुना आयएफएससी कोड आता लागत नाही. नवीन छापलेलं पासबुक मागा. खातं चालू आहे का, आधार जोडलेलं आहे का, हे रुग्णाला बँकेत एकदा विचारून यायला सांगा. मुलाच्या किंवा पुतण्याच्या खात्याचा नंबर चालवून घेऊ नका.

८. महिन्याचा अहवाल: रिकामा रकाना आणि शून्य एकच नव्हेत

सेवा दिली नाही तर शून्य. माहितीच आली नाही तर रकाना रिकामा. शून्य टाकलं म्हणजे "आम्ही पाहिलं, काही नव्हतं" असं तुम्ही लिहून देता. उपकेंद्राचा अहवाल आलाच नसताना बालमृत्यूच्या रकान्यात शून्य टाकणं हे खोटं लिहिणं आहे. फोन करा, विचारा, मग भरा.

पाठवण्याआधी एवढं ताडून बघा. १२ आठवड्यांच्या आतली नोंदणी एकूण नोंदणीपेक्षा जास्त नाही ना. मुलगे आणि मुली मिळून जिवंत जन्मांएवढे होतात ना. जिवंत जन्म आणि मृतजन्म मिळून प्रसूतींपेक्षा कमी नाहीत ना. जुळं असेल तर जास्त होतील, ते चालतं. मागच्या महिन्याशी फार तफावत असेल तर कारण वहीत लिहून ठेवा. प्रिंट काढा, वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घ्या, मगच पुढे पाठवा.

"गेल्या महिन्याचेच आकडे थोडे वरखाली करून टाक," असा सल्ला मिळेल. घेऊ नका. लसींचा पुरवठा, रक्तवाढीच्या गोळ्या, सगळं या आकड्यांवरून मागितलं जातं.

९. लाईट आणि नेट

प्रत्येक पानाला सेव्ह. मोठा फॉर्म आधी कागदावर पूर्ण करा, मग टाका. यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते ते एकदा घड्याळ लावून बघा. महिनाअखेरीला पोर्टल जड होतं, म्हणून रोजचं काम रोज, आणि जमलं तर सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या आधी.

१०. नाव बाहेर जाऊ देऊ नका

क्षयरुग्णांची यादी, एचआयव्ही तपासणीचे निकाल, गर्भपाताची नोंद. यांचा फोटो कुठल्याही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, वरिष्ठांच्या ग्रुपवरसुद्धा नाही. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त ठेवणं २०१७ च्या कायद्याने बंधनकारक आहे, गर्भपात करून घेणाऱ्या बाईचं नाव गुप्त ठेवणं गर्भपात कायद्याने. डिजिटल वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा स्वतंत्र कायदाही आहे. कायदा बाजूला ठेवला तरी गाव लहान असतं. पोरीचं जमलेलं लग्न एका फोटोवरून मोडतं. माहिती मागितली तर आकडा द्या, नाव द्यायची वेळ आली तर अधिकृत पोर्टलवरूनच. टेबलावरून उठताना स्क्रीन बंद, रजिस्टर मिटलेलं.

११. पुढे शिकायचं असेल तर

एक्सेलमधलं पिव्होट टेबल (मोठ्या यादीची गटवार बेरीज करून देणारा तक्ता) शिका, त्याने महिन्याचं काम तासावर येतं. आजारांचे आयसीडी-१० कोड ओळखीचे करून घ्या. मोठ्या दवाखान्याच्या नोकरीत ते विचारतात. आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे, स्नोमेड सीटी सारख्या संज्ञावलीचं काम तिथून चालतं. हे क्षेत्र केंद्रातल्या एका टेबलापुरतं नाही, हे आपल्या मुलींना कळलं पाहिजे.

१२. टेबल सोडताना

आपले आदेश अकरा महिन्यांचे असतात, बदली कधीही होते. जाताना पासवर्ड बदलायला लावा, आपला मोबाइल सगळ्या खात्यांवरून काढा, गावांच्या कोडचा कागद भिंतीवर तसाच ठेवा. आणि एक यादी हाताने लिहून पुढच्या माणसाच्या हातात द्या: उसाला गेलेल्या आणि अजून परत न आलेल्या गरोदर बायांची. नाव, आयडी, पाळीची तारीख, आणि घरी राहिलेल्या सासूचा नंबर.